बर्फावरची हॉकी आणि पवनेचं पाणी

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
सेनापती बापट मार्ग, पुणे

विषय : सहावी ते आठवीच्या माहितीपर वाचनात बर्फावरच्या हॉकीचा एक पाठ घेण्याबाबत

महोदय,

विषय वाचून आश्चर्य वाटणं साहजिक आहे. लोणावळ्यात धुकं उतरतं, बर्फ पडत नाही. कामशेत, वडगाव, तळेगाव इथल्या शाळांना बऱ्यापैकी सपाट मैदान मिळालं तरी पुष्कळ, आणि पावसाळाभर तेही चिखलात असतं. अशा मावळ तालुक्यातून बर्फावरच्या हॉकीचा पाठ मागणारं पत्र यावं, याचं कारण मात्र पुरतं मावळातलं आहे. इथल्या मुलांना पाण्याबद्दल खरं, आकड्यांनिशी आणि गोडीनं वाचायला मिळालं पाहिजे. त्यासाठी बर्फावरच्या हॉकीइतका सोयीचा विषय शोधून सापडणार नाही, कारण या खेळाचं मैदानच पाण्याचं असतं. पाणी गोठलं तर खेळ, नाही गोठलं तर घरी बसायचं.

पर्यावरण हा विषय देशभरातल्या शाळांत सक्तीनं आला तो न्यायालयामुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २२ नोव्हेंबर १९९१ रोजी तसे निर्देश दिले आणि २००३ मध्ये ते पुन्हा बजावले. आज महाराष्ट्रात तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे. मंडळानं तिसरीच्या परिसर अभ्यासाची जिल्हावार पुस्तकं काढली, ही फार मोठी गोष्ट होती. पुण्याच्या मुलानं पुणे जिल्हा वाचायचा, रत्नागिरीच्या मुलानं रत्नागिरी. तरीही वर्गात पर्यावरण पोहोचतं ते बहुतेक वेळा घोषवाक्याच्या रूपात. ‘पाणी वाचवा’चं चित्र काढून गुण मिळतात. आपल्या नळाला येणारं पाणी कोणत्या धरणातून, कोणाच्या शेताजवळून, कोणत्या नळातून येतं, हे त्या चित्रात कुठेच नसतं. उपदेश वाचून मूल मान डोलावतं आणि विसरतं. खेळाबद्दल वाचलेलं ते विसरत नाही, दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मित्राला सांगतं.

म्हणून सुरुवात लेहपासून करावी.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. हिवाळ्यात शाळांना मोठी सुट्टी असते, शेतं गोठलेली असतात, रात्री पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. अशा दिवसांत गावाजवळचं तळं गोठलं की तेच मैदान. तळं नसेल तर शेताच्या एखाद्या सपाट तुकड्याला मातीचा बांध घालायचा आणि रात्रीच्या थंडीत त्यात पाण्याचा पातळ थर सोडायचा. तो गोठला की वर दुसरा, मग तिसरा. भातखाचराला बांध घालून पाणी अडवणाऱ्या मावळातल्या मुलाला हे काम समजावून सांगावं लागणार नाही.

लेहच्या कारझू तळ्यावर १९७० च्या दशकात प्रामुख्यानं लष्करी जवान हा खेळ खेळू लागले. मग तो गावातल्या पोरांनी उचलला. १९८५ मध्ये लडाख विंटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला, १९८९ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. मैदानावर एका संघाचे सहा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, चेंडूऐवजी पक नावाची कठीण रबरी चकती. मुलींना हा खेळ सहजासहजी मिळाला नाही. पण भारताचा महिला संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपीन्सवर त्यानं पहिला विजय मिळवला आणि जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकात कांस्यपदक घेतलं. वाळवंटात भरलेल्या बर्फाच्या स्पर्धेत हिमालयातल्या मुलींनी मिळवलेलं हे पदक आहे. त्यांच्यापैकी बहुतेकजणी वर्षातले जेमतेम दोन महिने गोठलेल्या उघड्या तळ्यांवर सराव करत मोठ्या झाल्या. आठवीच्या वर्गातल्या मुलीला याहून चांगली खरी गोष्ट कोणती द्यायची?

याच गोष्टीतून पर्यावरणाचा धागा आपोआप पुढे येतो. लेहजवळ फे गावात सेकमोल या संस्थेचा परिसर आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतःचं बर्फाचं मैदान तयार केलं, मुली तिथे हॉकी शिकल्या आणि काहीजणी भारताकडून खेळल्या. सेकमोलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात पहिला बर्फाचा स्तूप उभा करून पाहिला. त्याची रचना एका परिच्छेदात सांगता येते. उंचावरच्या ओढ्याचं पाणी नळातून खाली आणायचं. उतारामुळे त्याला दाब मिळतो, पंप लागत नाही, वीज लागत नाही. नळाचं तोंड वर करून पाणी कारंज्यासारखं उडवलं की ते कडाक्याच्या थंडीत खाली पडता पडता गोठतं आणि शंकूच्या आकाराचा ढीग वाढत जातो. शंकूत पुष्कळ बर्फ मावतं, पण उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग सपाट बर्फाच्या मानानं कमी असतो. त्यामुळे तो सावकाश वितळतो आणि एप्रिल-मेमध्ये, हिमनदीचं पाणी अजून खाली आलेलं नसताना, शेताला पाणी देतो. त्याआधी चेवांग नॉर्फेल या स्थापत्य अभियंत्यानं ओढे अडवून कृत्रिम हिमनद्या केल्या होत्या. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली.

या एका उदाहरणात भौतिकशास्त्र आहे, भूमिती आहे, शेती आहे. आणि मावळाशी थेट नातं आहे, कारण एप्रिल-मेचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. ते पुढे येईलच.

आता दुसरं टोक, कॅनडा. ओटावा शहरातला रिडो कालवा हिवाळ्यात गोठतो आणि त्यावर ७.८ किलोमीटर लांबीची स्केटिंगची वाट तयार होते. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून ती दरवर्षी खुली होत होती. २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसं जाड झालंच नाही आणि ती पहिल्यांदाच एकही दिवस खुली झाली नाही. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१२ मध्ये, मॅकगिल आणि कॉन्कॉर्डिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी १९५१ ते २००५ या काळातल्या हवामानाच्या नोंदी तपासून दाखवलं होतं की कॅनडाच्या अनेक भागांत उघड्यावरच्या स्केटिंगचा हंगाम आखडतो आहे. त्यानंतर २०१३ मध्ये विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाच्या भूगोलतज्ज्ञांनी ‘रिंकवॉच’ हा उपक्रम काढला. घरामागच्या अंगणात पाणी गोठवून मैदान करणाऱ्या कुटुंबांनी एवढंच कळवायचं : आज खेळता आलं की नाही. शेकडो घरांची ही ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणजे हवामानशास्त्राची विदा झाली. लडाखमधले खेळाडू आणि संघटकही सांगतात की बर्फ उशिरा धरतं आणि लवकर सुटतं. तापमानवाढ म्हणजे दूरच्या ध्रुवावरचं पांढरं अस्वल, ही मुलांच्या मनातली समजूत इथे मोडते. तापमानवाढ म्हणजे या रविवारी सामना रद्द.

पाठ लिहिणाऱ्याला माँट्रियल शहराकडे वळायला आवडेल. बर्फावरच्या हॉकीचा पहिला संघटित बंदिस्त सामना तिथेच, व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये, ३ मार्च १८७५ रोजी झाला. छप्पर होतं, पण बर्फ नैसर्गिक होतं. ओझोनच्या थराला भोक पाडणारी रसायनं बंद करण्याचा करारही १९८७ मध्ये त्याच शहरात झाला, आणि त्या रसायनांत बर्फाची मैदानं गोठवायला वापरला जाणारा आर-२२ हा वायूही येतो. योगायोग एवढ्यावर थांबत नाही. १९७६ चं माँट्रियल ऑलिंपिक म्हणजे आपल्या हॉकीच्या दुःखाची सुरुवात. ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली ती तिथे. वर्षभरापूर्वी क्वालालंपूरला गवताच्या मैदानावर विश्वचषक जिंकलेला भारत तिथे सातवा आला आणि १९२८ पासून पहिल्यांदाच पदकाविना परतला.

कृत्रिम गवताचा मुद्दा इथे मुद्दाम आणला आहे, कारण त्याच्यावरून वाट थेट मावळात येते.

पाण्यावर आधारलेलं कृत्रिम गवत कोरडं खेळता येत नाही. चेंडू नीट सरकावा, खेळाडूच्या गुडघ्याची कातडी सोलली जाऊ नये, म्हणून सामन्याआधी आणि मध्यंतरात त्याच्यावर फवारे सोडतात. एका सामन्याला हजारो लिटर पाणी जातं. पिंपरीच्या नेहरूनगरात मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची अकरावी वरिष्ठ राष्ट्रीय हॉकी स्पर्धा तिथे झाली. हॉकीपटू धनराज पिल्लेंची खडकी तिथून फार दूर नाही. या पट्ट्यात हॉकीचं वेड जुनं आहे. आणि पिंपरी-चिंचवडची तहान मुख्यतः भागते ती मावळातल्या पवना धरणावर. धरणातून सोडलेलं पाणी नदीनं येतं आणि रावेतला उचललं जातं. म्हणजे लेहची मुलगी गोठलेल्या पाण्यावर हॉकी खेळते आणि पिंपरीचा मुलगा फवारलेल्या पाण्यावर. फरक इतकाच की लेहचं पाणी वसंतात त्याच गावच्या शेतात उतरतं. पिंपरीच्या नळात येणारं पाणी तुंग आणि तिकोन्याच्या पायथ्यापासून निघालेलं असतं, हे मैदानावरच्या कोणाला माहीत असतंच असं नाही.

त्या पाण्यावरून मावळात माणसं मेली आहेत. धरणापासून निगडीपर्यंत बंद नळातून पाणी नेण्याच्या योजनेला विरोध करत शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. पाठ्यपुस्तकात अशा घटना कशा सांगायच्या, हा अवघड प्रश्न आहे. पण मावळातल्या वर्गात बसलेल्या मुलाच्या घरी ती घटना रोज बोलली जात असेल आणि त्याच्या जलसुरक्षेच्या पुस्तकात तिचा उल्लेखही नसेल, तर ते पुस्तक त्याला परक्याचं वाटणार. दोन्ही बाजू शांतपणे मांडता येतात. शहराला पाणी लागतं, नदीतून वाहत येताना ते वाया जातं आणि घाण होतं, ही महापालिकेची बाजू. नदी वाहती राहिली नाही तर काठच्या उपसा योजनांचं आणि विहिरींचं काय, ही शेतकऱ्यांची. आठवीच्या मुलांना हे समजतं. त्यांना कमी लेखण्याचं कारण नाही.

आकड्यांचंही तसंच. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं, हे सहावीत सांगता येतं. मग गणित मुलांवर सोपवावं. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटर असेल तर त्यावर वर्षात चार लाख लिटर पाणी पडतं. बर्फावरच्या हॉकीचं उत्तर अमेरिकी मापाचं मैदान ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असतं. त्यावर तीन सेंटिमीटर जाडीचा थर द्यायला साधारण ४८ हजार लिटर पाणी लागेल. म्हणजे लोणावळ्याच्या एका शाळेच्या छपरावरून अशी आठ मैदानं भरतील. लेहच्या तेवढ्याच छपरावर वर्षाला दहा हजार लिटर पडतात. तिथे एका मैदानासाठी जवळजवळ पाच वर्षं थांबावं लागेल. हे गणित सुटल्यावर खरा प्रश्न विचारायचा : मग उन्हाळ्यात मावळातल्या डोंगरावरच्या वाड्यांत बाया हंडे घेऊन का चालतात?

उत्तर भूगोलात आहे. पाऊस चार महिन्यांत कोसळतो. खाली काळा बेसाल्ट, वर उतार. पाणी मुरायच्या आत निघून जातं. शिवाय घाटमाथ्याला जेवढा पाऊस पडतो तेवढा पूर्वेला तळेगावकडे पडत नाही, काही किलोमीटरांत तो झपाट्यानं उतरतो. ही अडचण दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना पक्की माहीत होती. भाज्याच्या लेण्यांत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि त्यांपैकी एका टाक्याच्या दानाचा शिलालेखही आहे. कोसिकीपुत्र विण्हुदत या महारठीनं ते टाकं दिलं. मळवली स्टेशनात उतरून पायी जाता येईल इतक्या अंतरावर महाराष्ट्राच्या पाणीसाठवणुकीचा हा लिखित पुरावा आहे. सहलीला गेलेली मुलं चैत्यगृहाच्या कमानीखाली छायाचित्र काढून परततात.

मग आधुनिक काळ. भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलं गेलं. पुढे टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ मध्ये त्यावर वीज निर्माण झाली. तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. त्याचं पाणीही मावळातल्या ठोकळवाडीचं. निसर्गानं हे पाणी पूर्वेकडे इंद्रायणी-भीमेला दिलेलं होतं, माणसानं ते पश्चिमेला वळवलं. त्यातून फायदा कोणाचा झाला आणि जमिनी कोणाच्या गेल्या, हे प्रश्न तेव्हाच उभे राहिले. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला आणि त्याचं नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांनी केलं. लोकांनी त्यांना सेनापती ही पदवी दिली ती त्या लढ्यामुळे. मंडळाची पाठ्यपुस्तकं ज्या इमारतीत तयार होतात तिच्यासमोरचा रस्ता त्यांच्याच नावाचा आहे. महोदय, ही आठवण आग्रहानं करून द्यावीशी वाटते. पाण्याबद्दल स्पष्ट लिहिण्याचा अधिकार त्या पत्त्यालाच आहे.

माहितीपर गद्याची मराठीला परंपरा नाही, असं कोणी म्हणू नये. अमेरिकेतल्या वॉल्डन तळ्याकाठी राहिलेल्या हेन्री डेव्हिड थोरोचं ‘वॉल्डन’ १८५४ मध्ये निघालं. दुर्गा भागवतांनी ते ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावानं मराठीत आणलं. त्यात हिवाळ्यातल्या तळ्याचं प्रकरण आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर मजूर येऊन वॉल्डनचं बर्फ कापू लागले. त्या काळी फ्रेडरिक ट्यूडरसारखे व्यापारी बॉस्टनच्या आसपासच्या तळ्यांचं बर्फ भुशात गुंडाळून जहाजानं हिंदुस्थानात पाठवत. १८३३ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचलं, पुढे मुंबईतही बर्फघर झालं. आपल्या तळ्याचं पाणी मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक पितील, ही कल्पना थोरोनं त्या प्रकरणात रंगवली आहे. वॉल्डनच्या बर्फाचा रचलेला प्रचंड ढीग मात्र बहुतांशी बाजारात गेलाच नाही. गवत आणि फळ्यांखाली तो पडून राहिला, सप्टेंबर १८४८ पर्यंत हळूहळू वितळला आणि तळ्याला त्याचं बरंचसं पाणी परत मिळालं. ज्या गोठलेल्या तळ्यांवर त्या मुलखातली पोरं स्केटिंग करत, त्याच तळ्यांचं बर्फ आपल्या मुंबईच्या पेल्यात येत होतं. हे पान मुलांना वाचायला मिळालं तर जगाचा नकाशा त्यांना पाण्याच्या वाटांनी दिसेल.

मावळापुरतं बोलायचं तर तळेगाव दाभाड्याला गो. नी. दांडेकर राहत. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या त्यांच्या कादंबऱ्यांतून पवन मावळ आणि राजमाची मराठी वाचकाच्या घरी पोहोचली. कथा म्हणून मावळ भरभरून लिहिला गेला आहे. त्यातलं पाणी, खडक, भात, वाडी हे माहिती म्हणून लिहिण्याचं काम मागे पडलं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी तांदूळ घरोघरी शिजतो. तो कसा तयार झाला हे किती मुलांनी वाचलं असेल? पश्चिम घाटावर २०११ मध्ये अहवाल देणाऱ्या तज्ज्ञ गटाचे अध्यक्ष माधव गाडगीळ पुण्याचे, महाविद्यालयीन वयात मैदानी खेळांत चमकलेले. ‘सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे. त्यातली काही पानं सातवी-आठवीच्या मुलांना सहज झेपतील. खेळ आणि निसर्ग एका माणसात कसे नांदतात, हेही त्यांना दिसेल.

बर्फावरच्या हॉकीचा पाठ घेताना एक पथ्य मात्र पाळावं लागेल. तो गोड गोड होऊ नये. उघड्यावरचं बर्फ कमी होतं आहे म्हणून यंत्रानं गोठवलेली मैदानं वाढवायची, तर त्यांना वीज खूप लागते. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं मैदान वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. ओझोनला घातक वायू नको म्हणून अमोनिया वापरावा, तर तो विषारी असतो. ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी गावच्या रिंकमध्ये ऑक्टोबर २०१७ मध्ये अमोनियाच्या गळतीनं तीन कामगार दगावले. सिअ‍ॅटलमध्ये २०२१ मध्ये उघडलेल्या एका भव्य स्टेडियमच्या छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून त्याचंच बर्फ करतात. ही युक्ती उत्तम आहे. पण त्या स्टेडियमचं नाव ठरवण्याचा हक्क एका बलाढ्य कंपनीनं विकत घेतलेला आहे, आणि तिथे खेळायला येणारे संघ विमानानं देशभर फिरतात. मुलांनी त्याचाही हिशेब विचारावा. गवतावरच्या हॉकीतही बदल चालू आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं कृत्रिम गवत कमी पाण्यावर चालणारं होतं आणि त्यातलं बरंचसं प्लास्टिक उसापासून केलेलं होतं. महाराष्ट्रातला मुलगा लगेच विचारेल की त्या उसाला पाणी किती लागलं. असा प्रश्न ज्या वर्गात उठेल त्या वर्गात पर्यावरण शिकवून झालं असं समजावं.

नव्या अभ्यासक्रमानुसार पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलत आहेत, तेव्हा मागणी नेमकी केलेली बरी. सहावी ते आठवीच्या मराठीत दरवर्षी निदान एक दीर्घ माहितीपर पाठ असावा, चार-पाच पानांचा, नकाशासह. पहिला पाठ हॉकीचा : लेह, ओटावा, माँट्रियल, पिंपरी, पवना. त्याला जोडून प्रत्येक तालुक्याच्या शिक्षकांना आपापल्या पाण्याची दोन पानं लिहिता यावीत. तिसरीच्या जिल्हावार पुस्तकांनी ती वाट घालून दिलेली आहेच. मावळच्या दोन पानांत पवना, वळवण, भाज्याचं टाकं आणि इंद्रायणी येईल. कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावून देहू-आळंदीकडे जाणारी ही नदी आळंदीला पोहोचेपर्यंत फेसाळलेली का दिसते, याचीही कारणं येतील. परीक्षेत त्यावर व्याख्या विचारू नयेत. मुलांना शाळेच्या छपराचं माप घेऊन गणित करू द्यावं, पर्जन्यमापकाची नोंद ठेवू द्यावी, रिंकवॉचच्या कुटुंबांसारखं रोज एक ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहू द्यावं : आज मैदानावर खेळता आलं का?

आणखी एक गोष्ट, जी टाळून हे पत्र पुरं करता येणार नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघे गेले. शोधाला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक दरवेळी उतरतात. डोंगरात वर पाऊस झाला की खालचा ओढा काही मिनिटांत का चढतो, उथळ वाहतं पाणीही माणसाचे पाय का उचलतं, हे भूगोल आणि भौतिकशास्त्राचं ज्ञान आहे. लडाखचं मूल बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी त्याची जाडी तपासायला शिकतं, कारण पातळ बर्फ म्हणजे मरण हे त्याला घरातूनच सांगितलेलं असतं. पुण्या-मुंबईहून मावळात येणाऱ्या मुलांना वाहत्या पाण्याची अशी ओळख कोणी करून दिलेली नाही. तेव्हा हा पाठ फक्त मावळच्या मुलांसाठी ठेवू नये. तो सगळ्या महाराष्ट्रात वाचला जावा, आणि पावसाळी सहलींच्या आधी वाचला जावा.

शेवटची सूचना व्यवहाराची. पाठ्यपुस्तकात बदल व्हायला समित्या, मसुदे, हरकती असा काळ जातो, आणि तो जायलाही हवा. पण ‘किशोर’ मासिक मंडळाच्याच हातात आहे आणि १९७१ पासून ते मुलांच्या हातात जात आहे. लेहच्या मुलींच्या हॉकीवर आणि पवनेच्या पाण्यावर एक जोडलेख त्याच्या जून किंवा जुलैच्या अंकात येऊ शकतो. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत लेहच्या बर्फावर पदकं मिळवणारे महाराष्ट्राचे स्केटर आहेत. त्यांना लिहितं करता येईल. लेखाखाली छपराच्या पाण्याचं गणित द्यावं आणि उत्तरं मागवावीत. मावळातल्या शाळांतून किती पत्रं येतात ते पाहून पाठ्यपुस्तकाचा निर्णय घ्यावा.

कळावे,

आपला,
मावळातला एक पालक आणि वाचक
लोणावळा, जि. पुणे